नाव ऐकू येईपर्यंत

फिलेरिमोसवर मोर आहेत. ते ओरडले की थेट तान्हं मूल रडल्यासारखं वाटतं. लग्न होऊन इथे आल्यापासून मी कितीदा तरी हा डोंगर चढलेय, मला हे ठाऊक नसायचं काही कारण नव्हतं. तरीही त्या रविवारी गाडीतून उतरल्यापासून मी दर वेळी दचकत होते आणि कडेवरच्या पोरीच्या नाकाशी बोट नेत होते. पोर गाढ झोपलेली. श्वास चालू.

"मोर आहे गं तो," मारिगो म्हणाली. "तुझी लेक इतकं बेसूर रडत नाही."

मारिगो माझी मैत्रीण. खाली गावात तिचं बायकांचे केस कापायचं दुकान आहे, आणि आज ती माझ्या मुलीची धर्ममाता होणार होती. स्वतःचे केस स्वतःच फुगवून, टाचांचे बूट घालून आली होती. मी तिच्या हातात पिशवी दिली. एक टॉवेल, तो भिजला तर दुसरा टॉवेल, लोकरीची टोपी आणि आंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर.

"हे काय?"

"पाण्यात बुडवून बघ. सदतीसच्या खाली असेल तर गरम पाणी ओतायला सांग. पण फार वर पण नको."

"आणि फादर याकोवोसना काय सांगू? थांबा फादर, सैतानाला नंतर हाकला, आधी पाण्याचा ताप बघू दे?"

"हसू नकोस ना."

"हसत नाहीये बये, घाबरलेय. तेल चोपडलेलं मूल म्हणजे ओला साबण. हातातून निसटलं तर?"

माझा चेहरा बघून तिने जीभ चावली. "नाही निसटणार. मी रोज ओली डोकी धरते," असं काहीतरी पुटपुटून ती पायऱ्यांकडे वळली.

तिला एवढं समजावून सांगावं लागत होतं, कारण मी स्वतः आत नसणार होते. आमच्याकडे बाप्तिस्मा होईपर्यंत मुलाला नाव नसतं. नऊ महिन्यांची झाली तरी माझी लेक साऱ्या गावाची नुसती 'बेबा' होती. आणि जुन्या रीतीने आई त्या वेळी चर्चमध्ये जात नाही. ती बाहेर थांबते. आत धर्ममाता नाव उच्चारते, ते कानावर पडलं की मुलं दाराबाहेर धूम ठोकतात आणि जे पहिलं आईपर्यंत पोचून नाव सांगेल त्याला बक्षीस मिळतं. हल्ली शहरातल्या आया सरळ आत जाऊन मोबाइलवर सगळं टिपत उभ्या राहतात. पण माझ्या सासूबाईंच्या घरात रीत म्हणजे रीत.

बाहेर थांबायला माझी हरकत नव्हती. नाव काय ऐकू येणार ते ठरलेलं होतं. निदान ठरलेलं होतं असं मी सहा महिने स्वतःला सांगत होते.

मी कालिम्नोस बेटाची. आमच्याकडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात, आणि नावाबरोबर आजीचं घरही तिलाच जातं. मी सेवास्ती, कारण माझी आजी सेवास्ती. माझ्या नवऱ्याच्या, आगापितोसच्या घरी मात्र उलटं. तिथे पहिली मुलगी बापाच्या आईची. म्हणजे हक्काने माझ्या मुलीचं नाव स्तेर्गुला व्हायला हवं होतं. पण मी पाचव्या महिन्यात असताना, भेंडीची भाजी वाढता वाढता सासूबाईच म्हणाल्या होत्या, "मुलगी झाली तर थेमेलिना ठेवा. सेवास्तीची आई गेलेली आहे, मी अजून इथे बसून खातेय. गेलेलीचं आधी." साऱ्या गावासारखं मीही त्यांना कीरा-स्तेर्गुलाच, म्हणजे स्तेर्गुलाबाईच, म्हणते, आई म्हणायला जीभ वळली नाही कधी. त्या दिवशी जवळजवळ वळली होती.

माझी आई थेमेलिना माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेली. आयुष्यभर स्पंजच्या कारखान्यात मोठ्या कात्रीने स्पंज कातरून गोल करायची. संध्याकाळी सज्जात उभी राहून अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशी मला हाक मारायची. मला खूप काही नको होतं. तिचं नाव पुन्हा एकदा सज्जातून मोठ्याने हाकारायचं होतं, आणि त्या हाकेला कुणीतरी धावत यायला हवं होतं.

मग बेबा सातव्या महिन्यातच आली. काचेच्या पेटीतले ते आठवडे मी इथे लिहीत नाही. पण घरी आल्यापासून सासूबाई बदलल्या. थेमेलिना हे नाव त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही. मी काढलं की त्या उठून काहीतरी ढवळायला जायच्या. पाळण्यावर वाकून पोरीच्या कानात काहीतरी कुजबुजायच्या आणि मी खोलीत आले की गप्प. आणि त्यांचं ते बोट! सारखं पोरीच्या तोंडाशी. लाळ पुसायची, दुधाचा थेंब पुसायचा, काही नसलं तर नसलेलं पुसायचं. मी काही बोलत नव्हते, पण बघत होते.

बदामांच्या पुरचुंड्यांवरून तर आमची सरळ जुंपलीच. बाप्तिस्म्यानंतर पाहुण्यांना साखरेत घोळलेल्या बदामांची जाळीदार पुरचुंडी देतात, आणि तिच्या रिबिनीवर मुलाचं नाव असतं.

"नाव ऐकू येईपर्यंत छापू नये," सासूबाई म्हणाल्या.

"पण ठरलंय ना कीरा-स्तेर्गुला?"

"ठरलंय."

"मग?"

"ठरलंय तरी छापू नये."

मी छापलं. तीन खोकी पुरचुंड्या, प्रत्येकीवर निळ्या रिबिनीत थेमेलिना. आता आगापितोस ती खोकी एकावर एक रचून सरूच्या झाडांमधल्या पायऱ्या चढत होता. तो बोटीवर काम करतो, ओझं घेऊन डुलत चालायची त्याला सवय आहे.

आणि तेव्हाच मी ते पाहिलं. खाली गाड्या लावायच्या जागेत, पाइनच्या सावलीत, सासूबाई फादर याकोवोसना बाजूला घेऊन बोलत होत्या. सासूबाईंचा हात त्यांच्या बाहीवर होता. फादर आधी मान हलवत होते, मग हलवेनासे झाले. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं, आणि फादरनी पटकन नजर दुसरीकडे वळवली.

मी आगापितोसला गाठलं.

"तुझी आई फादरशी काय बोलतेय?"

आगापितोसने खोक्यांच्या बाजूने मान काढून पाहिलं. "पाप कबूल करत असेल."

"आत्ता? गाड्यांमध्ये?"

"गाड्यांमध्ये केलं असेल. मागच्या आठवड्यात नाही का माझा आरसा ठोकला तिने." आणि मग माझ्याकडे बघून, "सेवास्ती, आजचा एक दिवस कुणावर पाळत ठेवू नकोस ना."

सांगणं सोपं. नऊ महिने पाळत ठेवल्यामुळेच पोर जिवंत आहे अशी माझी पक्की समजूत होती. ती एका दिवसासाठी खाली कुठे ठेवायची?

मी बेबाला त्याच्याकडे दिलं. खोकी पायरीवर ठेवायला लावली आणि दिलं. मान धर असंही सांगितलं, जरी पोर आता स्वतःची मान स्वतः धरते. आणि सासूबाई कुठे गेल्या ते शोधत वर आले.

मठातल्या चर्चच्या अंगणात पाहुणे जमायला लागले होते. फोटो काढत होते, खालच्या विमानतळावर उतरणारं विमान एकमेकांना दाखवत होते. सासूबाई त्यांच्यात नव्हत्या. त्या अंगणाबाहेर, अथेनाच्या देवळाचे खांब पडलेत त्याच्या शेजारी, जुन्या बाप्तिस्म्याच्या कुंडाशी बसल्या होत्या. जमिनीत क्रॉसच्या आकाराचं खोदलेलं कुंड आहे ते, आत उतरायला पायऱ्या. शेकडो वर्षांत पाणी नाही त्यात; पाइनच्या सुया आणि एखादं मोरपीस. काळा झगा गुडघ्यांवर ओढून, पाय आतल्या पायरीवर सोडून त्या बसल्या होत्या. चांगले बूट शेजारी काढून ठेवलेले.

"पाय सुजलेत," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "बस."

मी उभीच राहिले. "फादरना काय सांगितलंत?"

"तू पाहिलंस होय? तू बघणारच. तुझे डोळे म्हणजे बंदरावरचे दिवे."

"कीरा-स्तेर्गुला, नाव ठरलेलं आहे. तुम्हीच म्हणाला होता. मी मागितलं नव्हतं. तुम्हाला नको असेल तर मला तेव्हाच सांगायचं होतंत, असं माझ्या पाठीमागून आज…" मला रडायचं नव्हतं, फोटो काढायचे होते.

"बस म्हटलं ना."

मी बसले.

त्यांनी कुंडातलं मोरपीस पायाने बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तिचा बाप्तिस्मा झालेला आहे."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? बेबाचा. मीच केला. इस्पितळात."

मला काही कळेना. त्या सावकाश बोलायला लागल्या, एरवी कधी बोलत नाहीत तशा.

"तू वरच्या मजल्यावर होतीस, पोट शिवलेलं, अर्धी शुद्धीत. आगापितोस बोटीवर, कोस बेटाच्या पुढे कुठेतरी. दुपारची वेळ. डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, आजी, आत जाऊन बघून या. बघून या म्हणजे काय ते मला कळतं पोरी. मी म्हातारी आहे, बहिरी नाही. मी आत गेले. एवढीशी. निळी. चिमणीएवढी छाती, आणि ती हलतेय की नाही ते कळेना."

मी हात मांडीखाली दाबून धरले.

"मूल असं जायला निघालं आणि फादर नसले, पाणी नसलं, तर घरचं कुणीही करू शकतं. तीनदा हवेत उचलायचं आणि नाव सांगायचं. माझ्या आईने माझ्या भावांचं केलं होतं. पण उचलणार कसं? नळ्याच नळ्या. पेटीला हात घालायला दोन भोकं होती, त्यातून हात घातले आणि तळवे तिच्या खाली सरकवले. आणि बोटभर उचलली. एकदा. खाली ठेवली. परत. त्या नर्सने पाहिलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. देव तिचं भलं करो."

अंगणातून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. आगापितोस बेबाला मोर दाखवत होता.

"आणि नाव?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"थेमेलिनाच म्हणणार होते. इथपर्यंत आलं होतं." त्यांनी गळ्याला हात लावला. "पण ती गेलेली बाई. मला वाटलं, मी थेमेलिना म्हटलं तर ती ऐकेल. ऐकून येईल, आणि घेऊन जाईल. आजीच ती. तिलाही हवीच असणार. तिने तर पाहिलीसुद्धा नव्हती."

मी अंगणातल्या बेबाकडे पाहिलं.

"म्हणून माझं म्हटलं. माझ्या आईची माझ्याआधीची तिन्ही गेली. मी झाले तेव्हा ही तरी राहू दे, टिकू दे, म्हणून स्तेर्गुला ठेवलं. आणि मी राहिले. बघ की. साखर आहे, गुडघे गेलेत, नवरा पुरला, पण राहिलेय. एकदा चाललेलं नाव आहे, आणखी एकदा चालेल, असं वाटलं. तेवढाच विचार केला, त्याहून जास्त करायला वेळच नव्हता."

"मला का सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुझी पोर मरत होती, हे? तुला दूध यायचं होतं अजून."

वाऱ्याने पाइनच्या सुया कुंडात सरकल्या. मला एकदम पाळण्याशी चाललेली ती कुजबुज आठवली. "तुम्ही तिच्या कानात…"

"एकदा हाक मारायचे रोज. ऐकलं नाव की राहते, असं आपलं मला. आता मोठी झाली, आता नको." त्यांनी बूट पुढे ओढले. "फादरना सांगितलं, कारण देवासमोर तोंड मिटून उभं राहणं मला जमेना. ते म्हणाले, दिलेलं नाव ते दिलेलंच. मग म्हणाले, पण कीरा-स्तेर्गुला, मी आता म्हातारा झालो, उजव्या कानाने ऐकू येत नाही, आणि तुम्ही उजव्या बाजूला उभ्या आहात. धर्ममाता जे म्हणेल ते मी म्हणेन. भला माणूस आहे. तेव्हा तू घाबरू नकोस. थेमेलिनाच होणार. मी आत गप्प उभी राहीन. मारिगोला मी काही बोललेले नाही."

त्यांनी एका बुटात पाय घातला, दुसऱ्यात जाईना. मी खाली वाकून त्यांच्या टाचेमागे बोट घालून तो चढवला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात टेकून तोल सावरला, आणि उठून अंगणाकडे गेल्या.

मी तिथेच बसून राहिले.

मी रसायनशास्त्र शिकलेय. खाली गावात मुलांच्या परीक्षेच्या शिकवण्या घेते. माझ्या मुलीला कशाने वाचवलं ते मला माहीत आहे. फुप्फुसात घातलेलं औषध, मोजून दिलेला प्राणवायू, ती डॉक्टरीण, आणि पाठ फिरवून उभी राहायची अक्कल असलेली ती नर्स. नावाने काही होत नाही. हे मी कुणालाही फळ्यावर मांडून दाखवेन.

पण मग ते नाव आज तिच्या अंगावरून काढायला माझा हात का उचलत नव्हता?

भीती होतीच, नाही म्हणत नाही. जिला थर्मामीटरशिवाय चर्चमध्ये पाठवायचा धीर होत नाही, ती बाई असल्या गोष्टीशी खेळेल का? पण नुसती भीती नव्हती. मी वर झोपलेली असताना माझ्या मुलीला कुणीतरी हातात घेतलं होतं. बोटभर. मला वाटत आलं होतं की त्या दुपारी ती एकटी होती. नऊ महिने रोज, पाळण्याशी उभी राहून, मी त्या एकटेपणाचीच भरपाई करत होते.

आईचा विचार केला. ती रागावली असती असं वाटलं नाही. तिला थोडं वाईट वाटलं असतं असं वाटलं, आणि तेच जास्त लागलं.

चर्चची घंटा झाली तेव्हा मी उठले आणि धावत गेले.

मारिगो दारात उभी होती, कडेवर पांढऱ्या कपड्यातली बेबा, काखेत माझी पिशवी. आगापितोस आत मेणबत्त्यांशी खटपट करत होता. फादर गळ्यात पट्टा घालून तयार.

"मारिगो, ऐक. नाव स्तेर्गुला म्हण."

"काय?"

"स्तेर्गुला. कारण नंतर सांगते."

"तू शुद्धीवर आहेस ना? म्हातारीने धमकावलं का तुला? सांग, मी आत्ता जाऊन…"

"कुणी धमकावलं नाही. त्यांना माहीतसुद्धा नाही."

"अगं पुरचुंड्यांवर छापलंय! तीन खोकी!"

"माहीत आहे."

"मी आणलेल्या क्रॉसवर 'थे' कोरलंय! सोनाराकडून खोडून मिळत नाही!"

"मागच्या बाजूला आहे ना. कोण बघतंय?"

मारिगोने बेबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतलं काजळ आताच पसरायला लागलं होतं. "सहा महिने माझं डोकं खाल्लंस, थेमेलिना, थेमेलिना. केस कापताना, रंगवताना. आणि आता दारात…"

"चला चला," आतून फादर म्हणाले. "आई बाहेर. पाणी थंड होतंय."

"ऐकलंस? पाणी थंड होतंय," मारिगो दात ओठ खात म्हणाली, आणि हो की नाही काहीही न सांगता पोरीला घेऊन आत वळली. दार अर्धं लोटलं गेलं.

मी अंगणातल्या कमानीखालच्या दगडी कट्ट्यावर, आगापितोसने आणून ठेवलेल्या खोक्यांशेजारी बसले. आतून फादरचा आवाज यायला लागला, लांबलचक, एका पट्टीतला. मारिगो पोरीच्या वतीने सैतानाला नाकारत होती, जरा जास्तच जोरात. तिने काय ठरवलं होतं? नाव तिच्या तोंडी होतं. मी मागितलं होतं खरं, पण मारिगोने माझं कधी ऐकलंय? माझ्याच लग्नात मी केस मोकळे सोड म्हटलं होतं, तिने अंबाडा घातला.

आणि खरं सांगायचं तर, बसल्या बसल्या मला वाटून गेलं की तिने ऐकू नये. क्षणभरच. आईचं नाव कमानीतून धावत येताना मला ऐकू आलं असतं. आणि मी म्हणू शकले असते की मी तर उलटं सांगितलं होतं.

मोर ओरडला. नाही, मोर नव्हता. बेबा होती. तिला उघडी केली असणार. तेल. मग पाणी. पहिल्यांदा बुडवलं तेव्हा रडणं मधेच तुटलं आणि अंगणातलं सगळं थांबलं. मग दुप्पट जोराने सुरू झालं. पुन्हा तुटलं. मी उभी राहिले. दाराकडे दोन पावलं गेले आणि परत फिरले. तिच्या रडण्यात फादरचा आवाज बुडून गेला होता, नाव काही ऐकू येईना. तिसऱ्यांदा तुटलं. आणि ती शांतता जरा लांबली. लांबली असं मला वाटलं.

मग बेबा अशी काही किंचाळली की सरूवरचे पक्षी उडाले. इतक्या मोठ्या आवाजात ती आजवर कधीच रडली नव्हती. एवढी हवा तिच्या छातीत मावते हे मला ठाऊक नव्हतं.

दार धाडकन उघडलं. मुलांचा लोंढा बाहेर पडला, आणि सगळ्यांच्या पुढे आगापितोसच्या चुलतबहिणीची फेव्रोनिया, एक सँडल हातात.

"स्तेर्गुला!" ती ओरडली. "स्तेर्गुला! मी पहिली! त्याने मला ढकललं तरी मी पहिली!"

ती माझ्या पोटावर येऊन आदळली. मी तिला घट्ट धरलं, तिला वाटलं होतं त्याहून जरा जास्त वेळ. मग तिचं नाणं तिच्या हातावर ठेवलं, आणि खोक्यातून एक पुरचुंडी काढून दिली. तिने रिबिनीवरची अक्षरं जुळवून वाचली आणि नाक मुरडलं.

"हे चुकलंय. इथे थेमेलिना लिहिलंय."

"चुकलं नाही. ती तिची आजी."

"तिची आजी तर कीरा-स्तेर्गुला आहे."

"माणसाला दोन आज्या असतात, फेव्रोनिया."

"मग दुसरी कुठंय?"

"ही काय," मी म्हटलं आणि पुरचुंडी तिच्या मुठीत मिटवली.

नाव ऐकल्यावर आईला आत जाता येतं. मी गेले. मारिगोचं काजळ गालापर्यंत आलं होतं, फुगवलेले केस एका बाजूने पूर्ण भिजून खाली बसले होते. मी रीतीप्रमाणे वाकून तिचा हात चुंबला. "अडतीस," ती कुजबुजली. "पाणी अडतीस होतं. सगळ्यांसमोर मोजलं. आयुष्यभर लोक मला हसणार आहेत." आणि टॉवेलात गुंडाळलेली, तेलाने चकाकणारी, लालबुंद, संतापलेली माझी मुलगी तिने माझ्या हातात दिली.

सासूबाई मेणबत्ती धरून उभ्या होत्या. मेण त्यांच्या बोटांवर ओघळत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरलेले असतील. तसं काही नव्हतं. त्या भयंकर चिडल्या होत्या.

"काय केलंस हे, मूर्ख पोरी?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, दबका म्हणजे मागच्या रांगेपर्यंत जाणारा. "मी तुला सांगितलं होतं ना? आता तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? वर गेले की पहिली तीच भेटणार मला, दारात, ती कात्री घेऊन!"

"कीरा-स्तेर्गुला," फादर म्हणाले, "बाप्तिस्मा अजून चालू आहे."

"तुम्हाला ऐकू येत नाही ना, फादर?"

"आज सगळंच ऐकू येतंय," फादर म्हणाले आणि कात्री उचलली, बेबाच्या जावळाच्या चार बटा क्रॉससारख्या कापायला. सासूबाईंनी ती कात्री पाहिली आणि छातीवर क्रॉसची खूण केली.

पुढचं सगळं असंच गोंधळात गेलं. आगापितोस प्रत्येकाला विचारत होता की काय झालं, आणि कुणीच त्याला नीट सांगत नव्हतं. अंगणात टेबलं मांडली, इथल्याच मठाची ती सात वनस्पतींची हिरवी दारू छोट्या पेल्यांत ओतली. पुरचुंड्या वाटायला मी लाजत होते. पण सासूबाईंनी खोकं माझ्या हातातून ओढून घेतलं आणि स्वतःच वाटत सुटल्या. सुजलेल्या पायांनी, एक माणूस न चुकवता.

शेजारचे म्हातारे बार्बा-दियाकोस चष्मा कपाळावर ढकलून रिबिनीकडे बघत बसले. "आत तर स्तेर्गुला ऐकलं मी. ही थेमेलिना कोण?"

"कालिम्नोसची. सेवास्तीची आई."

"मग पोर कोण?"

"स्तेर्गुला."

"स्तेर्गुला तर तू."

"अरे बाबा, दोन स्तेर्गुला झाल्या ना आता घरात. मग लोकांनी ओळखायचं कसं?" सासूबाईंनी आवाज चढवला, आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकावं म्हणून. "मी फोतिसची स्तेर्गुला, नवऱ्याची. आणि ही थेमेलिनाची स्तेर्गुला. कुणी विचारलं कुणाची गं तू, तर काय सांगायचं? थेमेलिनाची. समजलं? आता बदाम खा, दात असतील तर."

"थेमेलिनाची स्तेर्गुला," बार्बा-दियाकोसनी बदाम तोंडात ठेवत घोळवून पाहिलं. "बरं लागतंय."

गावात एकदा बार्बा-दियाकोसच्या तोंडी बसलं की ते बसलं.

उन्हं कलायला लागली तसे पाहुणे पांगले. खिशात, पर्समध्ये, गाडीच्या काचेपाशी निळ्या रिबिनी घेऊन लोक सरूंच्या मधून खाली उतरत होते. मी कमानीखालच्या कट्ट्यावर बसले होते. बेबा, म्हणजे आमची स्तेर्गुला, रडून दमून माझ्या मांडीवर झोपली होती. तिला तेलाचा आणि मेणाचा वास येत होता. सासूबाई शेजारी बसल्या, बूट पुन्हा काढलेले. अजून रुसलेल्याच होत्या.

खाली कुठेतरी मोर ओरडला. माझं बोट सवयीने पोरीच्या नाकाकडे गेलं.

तिथे आधीच एक बोट होतं. सुरकुतलेलं, मेणाचा थेंब सुकलेलं. पुसत काहीच नव्हतं ते. नुसतं थांबलं होतं, वाट बघत.

या वेळी त्यांनी ते मागे घेतलं नाही.

"चालू आहे," त्या म्हणाल्या.